सरावाचा प्रश्न

हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या. त्यातली एक नुकतीच प्रशिक्षण आटोपून आली होती.

“घरी मार खाणारी बाई दवाखान्यात आली तर तिच्याशी कसं बोलायचं, ते शिकवलं. मग जोड्या पाडून सराव. माझ्या वाट्याला आल्या मेट्रनबाई.”

“अगं बाई! मग?”

“मी विचारलं, घरी कुणी हात उचलतं का? त्या म्हणाल्या, हो.”

“सरावापुरतं ना?”

“मलाही तेच वाटलं. म्हटलं, काय हुबेहूब वठवलंत! तर त्यांनी बाही वर केली. दंड काळानिळा.”

“पण त्यांचे मिस्टर तर कधीच गेले.”

“मुलगा.”

“गेटवर न्यायला येतो तो? लेक असावा तर असा, म्हणतो आपण!”

“हळू बोल. आत्ताही तिथेच उभा आहे. मला विचारत होता, आई कुठंय?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, ड्यूटी लांबलीय.”

“आणि त्या?”

“माझ्या घरी. आईपाशी सोडून आले.”

“काही बोलल्या?”

“अख्खा वॉर्ड ज्यांना चळाचळा कापतो, त्या मला विचारतात, ‘दाराला आतून कडी लावून झोपले तर चालेल ना गं?’”