ढगाळ दिवसाचा लॅपटॉप

—नाही, नाही, आधी चार्जर काढ. तारेला जोडलेला लॅपटॉप कुणीही पळवून दाखवेल, त्यात काय मोठं? तुझ्या दुकानामागे जनरेटर धडधडतोय, इथे सगळीच यंत्रं वाघ. आमच्या डोंगरावर जनरेटर नाही रे पोरा. सोलरच्या दोन पाट्या आणि एक बॅटरी, तीही म्हातारी झालेली. म्हणून म्हणतो, काढ. दोन्हींचे काढ. हा जाडा आणि हा पातळ, शेजारी-शेजारी ठेव, आणि हा पेनड्राइव्ह घे. माझ्या मुलीने, रहमाने दिलाय. यात फोटो आहेत आणि एक प्रोग्राम आहे, नुसता सुरू करायचा, बाकी तो आपला आपण करतो म्हणाली. चहा? दे की. दुधाचा दे. अरे, घाटातून मालाच्या ट्रकमध्ये बसून आलोय, या मुकल्ला शहरापर्यंत हाडं खिळखिळी झाली.

हं, कसले फोटो? दगडाचे. हसू नकोस. आमच्या गावाच्या वर वादी, एरवी कोरडी असणारी आमची नदी, एका घळीतून येते, इतकी अरुंद की दोन उंट शेजारून जाणार नाहीत. त्या घळीच्या भिंतीवर पांढरे पट्टे रंगवलेत आणि समोर कॅमेरा. कॅमेरा फोटो काढत राहतो, वर टेकाडावर चौकी आहे तिथे लॅपटॉप ते फोटो बघत राहतो—पाणी आलं का, कुठल्या पट्ट्यापर्यंत आलं, किती जोरात चढतंय—आणि वाटलं की लोंढा येतोय, तर खाली गावात मशिदीवर भोंगा वाजवतो. बाहेरची माणसं आली होती मदतीची, त्यांनी बसवून दिलं आणि गेली. मग लोंढा यायच्या आत माणसं चढणीला लागतात. वेळ किती मिळतो? कणीक मळून ठेवली असेल तर रोटी भाजून होईल, इतका. तेवढ्यात मुलं, शेळ्या, म्हातारीकोतारी सगळं वर न्यायचं. आमच्या शेजारची सईदा आजी, तिचे गुडघे गेलेत, तिला पाठीवर घ्यावं लागतं, आणि ती पाठीवरूनही शिव्या घालत असते—हळू चाल, हाडं मोडशील माझी! तेव्हा वेळ महत्त्वाचा आहे, हे मला कळतं. मला कळत नाही असं समजू नकोस. अवाद बा-सुवैद, आमच्या समितीचा म्होरक्या, निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, करामा, वेगवान घेऊन ये, आपल्याला घोडा हवाय, गाढव नको. मी म्हटलं, अवाद, तू घोड्यावर बसलास कधी? तो म्हणाला, तू तुझ्या मधमाश्या सांभाळ आणि सांगितलंय ते आण.

तर आता सुरू कर. हं. हा जाडा—बघ, बघ, घोट घ्यायच्या आत फोटो बघून मोकळा झाला. दुसरा. तिसरा. पंखा केवढा ओरडतोय त्याचा! आणि हा पातळ... मी मनात फातिहाची दुआ म्हणतो... दुआ संपली. हा अजून विचार करतोय. हं, झाला. म्हणजे पाणी दोन पट्टे चढून जाईल तोवर हा एकच दगड न्याहाळत बसणार. पण थांब—थांब, त्या जाड्याकडे बघ, तोही मंदावला की! तार काढल्यावर मंदावला ना? म्हणजे बॅटरीवर तोही काही घोडा राहत नाही. हे बरं झालं. हे तू अवादला फोनवर सांगशील? मी लावून देतो. सांग, अहो, बॅटरीवर दोघांत फार फरक नाही. आं? आहे? तरी चौपट आहे? ...बरं. मग तसं नको सांगूस.

तू म्हणतोयस ते मला रहमानेही सांगितलंय—वेगवान प्रोसेसर काम पटकन उरकतो आणि झोपतो, हळू चालणारा रेंगाळत बसतो, म्हणून शेवटी वीज कधीकधी सारखीच लागते. खरं आहे. घरी बसून पत्र लिहिणाऱ्याला खरं आहे. पण आमच्याकडे त्याला झोपायला मिळतं कुठे? ढग भरले की फोटो थांबत नाहीत, एक झाला की दुसरा, तो झोपणार कधी? पळतच राहतो, तापतो, पंखा फिरतो, पंखाही वीज खातो. आणि गंमत बघ, लोंढा कधी येतो? ढग असतात तेव्हा. आणि पाट्या कधी उपाशी असतात? ढग असतात तेव्हा. महिनाभर ऊन असतं तेव्हा वीज नुसती ओसंडून वाहते आणि वादी कोरडी ठणठणीत. ज्या दिवशी यंत्राची गरज, त्याच दिवशी त्याच्या पोटात काही नाही. दुसरी बॅटरी? मागवलीय ना, तपासणी नाक्यावर ट्रक अडवून ठेवलाय, आज सोडतो, उद्या सोडतो म्हणतात. ढगांना कोण अडवतंय?

म्हणून मी म्हणतो पातळ बरा. पंखाच नाही त्याला. दोन दिवस ऊन नसलं तरी जागा राहील. हळू का होईना, जागा राहील. चौकीवर जो बसतो त्याला—जी बसते तिला—म्हणजे जे कुणी बसेल त्याला यंत्र बंद पडलं की काही सुचत नाही, हे महत्त्वाचं आहे. हो की नाही? तू दुकानदार आहेस, तुला कळतं. तू मला लिहून नको देऊस, नुसतं म्हण, करामाचाचा, तुमच्या कामाला पातळ पुरेल. म्हण ना. का म्हणत नाहीस?

असं बघू नकोस माझ्याकडे. सांगतो. गेल्या हंगामात चौकीवर माझा मेहुणा होता, मुबखूत. बायकोचा धाकटा भाऊ. असाच जाडा लॅपटॉप होता, याचाच भाऊ म्हण. दोन दिवस आभाळ धरलेलं, तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर बॅटरी संपली, पडदा काळा. मोबाइलचा टॉवरही बसलेला. चौकीवरून घळ दिसत नाही, कडा आडवा येतो. घळ बघायची तर खालच्या कपारीवर उतरावं लागतं. मुबखूत बंदूक घेऊन उतरला. मी तेव्हा पलीकडच्या उतारावर माझ्या पोळ्यांच्या पेट्या हलवत होतो, मला तो उतरताना दिसला, लाल फुत्याची लुंगी कमरेला खोचलेली, मी ओरडलो, काय रे? त्याने हात हलवला. मग मला आधी वास आला—ओल्या मातीचा, तुला माहीत असेल तो, पाण्याआधी येतो—आणि मग बंदुकीचे बार. एकामागून एक. थांबतच नव्हता. गावात सगळ्यांनी ऐकले, सगळे चढले, सईदा आजीसुद्धा, एक शेळी गेली नाही. तो बार करत राहिला, कारण खाली कुणी ऐकलं की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. वर यायला त्याला वेळ होता रे. पहिल्या बारानंतर वळला असता तर आला असता. पाणी कसं येतं तू पाहिलंयस? नदीसारखं येत नाही. भिंतीसारखं येतं, झाडं पुढे धरून. मग बार थांबले.

चार गावं खाली सापडला. खजुरीच्या बागेत. जाऊ दे.

नाही, पाणी नको. चहा आहे.

आता चौकीवर कोण बसणार? समितीने सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण रहमा सैऊन शहरातून कॉम्प्युटर शिकून आलीय, त्या मदतवाल्यांनी शिकवलं तेही मामाबरोबर बसून तिनेच शिकून घेतलं, अख्ख्या गावात तो प्रोग्राम तिच्याशिवाय कुणाला उघडतासुद्धा येत नाही. ती स्वतःच उठली. म्हणाली, मी बसते. तिच्या आईने भांडं आपटलं, म्हणाली, एक भाऊ दिलाय मी, पोरगी देणार नाही. रहमा म्हणाली, आई, देतेयस कुठे, मी खुर्चीवर बसून पडदा बघणार आहे. आणि मग, बायको आत गेल्यावर, भाकरी मोडता मोडता मला सहज म्हणाली—सहज हं, जशी एखादी म्हणेल की मीठ कमी आहे—म्हणाली, बाबा, आणि यंत्र बंद पडलंच तर मामा गेला तशी मी जाईन खाली, दुसरं काय करणार?

आता कळलं? मला घोडा-गाढव काही नकोय. मला न थांबणारं हवंय. ते हळू असेल, गावाला वेळ कमी मिळेल, कबूल, धावपळ होईल, पेट्या जातील, शेळ्या जातील, कदाचित सईदा आजीला—मी काय बोलतोय! अस्तगफिरुल्लाह. तिने मला लहानपणी कडेवर घेतलंय. मी काय बोलून गेलो, तू ऐकलं नाहीस. पण बंद पडलं नाही तर माझी पोर खुर्चीवरून उठणार नाही ना! म्हणून तुझ्याकडून वदवून घ्यायला आलो, की दुकानदारच म्हणाला, मी काय करू. अवादला सांगायला तोंड हवं ना मला. सांग, एवढं वाईट आहे का हे? तुला मुलगी आहे? नाही अजून. मग तुला काय विचारायचं.

दारातून जरा बाजूला हो. ते डोंगराकडे काय आहे? ढगच ना ते? सकाळी आलो तेव्हा नव्हते. समुद्राकडे बघ, इकडे ऊन आहे, आणि तिकडे काळं. आमच्याच बाजूला. तिथे आत्ता मुबखूतचाच तो जुना लॅपटॉप आहे, बॅटरी फुगलेली, पाट्यांवर ऊन असेल तोवरच चालतो—

थांब. फोन. तिचाच आहे.

हं, रहमा? हो, दुकानातच आहे. कुठे, चौकीवर? आत्ता? कुणी सांगितलं तुला आज जायला? ...पाऊस आहे का? थेंबच? ...नाही, दोन आहेत इथे. हो, केला, तुझाच प्रोग्राम लावला. जाडा पटकन करतो, पातळ—पातळ बराच वेळ टिकतो बेटा, पंखा नाही त्याला, मी म्हणत होतो की तोच... काय? ...असं कसं? ...रहमा, ऐक माझं. नाही, तू ऐक—...हं. ...हं. ...बरं. बरं, म्हटलं ना. आणि तू तिथून हलू नकोस, मी निघतोच—हॅलो? रहमा?

गेला.

गेला फोन. टॉवर गेला असेल. ढग आले की तो आधी जातो. त्याचं काही नाही, नेहमीचं आहे.

काय म्हणाली? म्हणाली, बाबा, पातळ आणलात तर मी त्याच्या भरवशावर बसणार नाही. फोटो एवढ्या उशिरा बघणार असेल तर तो मला पाणी गेल्यावर सांगेल पाणी आलं म्हणून. मग मी ढग दिसले की आधीच कपारीवर जाऊन बसेन, डोळ्यांनी बघेन, ते बरं. असं म्हणाली. हसत म्हणाली. जाडा निदान चालेल तोवर मला खुर्चीवर बसवेल, म्हणाली, पातळ पहिल्याच दिवशी खाली पाठवेल. ऐकलंस? मी इतके दिवस डोक्यात काय गणित घालत होतो, वॅट आणि तास आणि काय काय, आणि तिने—

जाडा बांध. हो, जाडाच. चार्जरही टाक. काय विचारतोस, बंद पडला तर? पडेल ना. ढग दोन दिवस राहिले तर पडेलच, गेल्या हंगामात पडलाच ना. तेव्हा खाली जायला माणूस लागेल, आणि तो कपारीवर आधीपासून बसलेला असेल. मी. अवादला विचारणार नाही, बायकोला सांगणार नाही, पेट्या त्या उतारावर नेल्या म्हणून सांगेन, मधाचा हंगाम आहे, कुणाला खोटं वाटणार नाही. बंदूक चालवता येते मला. पोहता? आमच्याकडे कुणाला पोहता येतं, पोरा? गेल्या वर्षापासून विहिरीत वाकूनसुद्धा बघत नाही मी. रात्री तो वास नाकात येतो आणि उठून बसतो.

लवकर बांध रे, त्या खोक्याला दोरी कशाला, असाच दे, छातीशी धरून नेतो. वॉरंटी? दोन वर्षांची? दोन वर्षं चालेल म्हणतोस? अरे, मला आज संध्याकाळपर्यंतचं सांग. ...नाही. नको. काही सांगू नकोस. बाजूला हो, डोंगराकडचा तो ट्रक निघाला बघ.