त्रेचाळीस उसने शब्द

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या वस्तीचे कपितान डॉन लौरेआनो. शाळेच्या मुख्याध्यापिका दोन्या क्लेमेन्सिया. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या डॉक्टर नोहेमी. समोर बसलेले माझे भाऊ, माझे मेव्हणे, आणि आपापल्या बापाची भाषा गाठीला बांधून आमच्या घरांत नांदायला आलेल्या सगळ्या आयाबहिणींनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. माझ्या मंडळींनी, ओतिलियानं, निघताना बजावलं, "पाच मिनिटं बोला आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. लोक मान ठेवतील." मी शिकलेला माणूस नाही. मिठाच्या पोत्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलो, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा खारटपणा आला तर सोसून घ्या. आणि मी आज स्पॅनिशमध्ये बोलतो आहे. या सभेत सात भाषांची माणसं बसली आहेत, कुणाला परकं वाटायला नको. स्पॅनिशचं एक बरं आहे, ती इथल्या कुणाच्याच बापाची नाही.

डॉक्टर, म्हणजे औषधाच्या नव्हे, भाषेच्या, दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी धबधब्याच्या खालच्या बाजूला होडीतून पाण्यात पडल्या. वर काढल्यावर पहिला प्रश्न काय विचारला? "भिजणं याला तुमच्याकडं काय म्हणतात?" तेव्हाच आम्ही ओळखलं, ही बाई कामाची आहे. नंतर त्यांनी मिरचीच्या रश्श्यातला मासा खाल्ला, मुंग्या खाल्ल्या, कसाव्याची भाकरी मोडताना तुकडे खाली न पाडायला शिकल्या. दोन्या क्लेमेन्सिया, तुम्हाला बारा वर्षं झाली, तुम्ही अजून पाडता.

आता त्यांचं काम. आपल्या नदीवरच्या प्रत्येक भाषेला त्या तेच एकशे चार शब्द विचारायच्या. पाणी, राख, मान, ऊ, यकृत. सगळे शब्द संगणकात घालायचे, आणि संगणक सांगणार की कुठली भाषा कुणाची सख्खी, कुठली चुलत, कोण आधी वेगळं निघालं. त्याचं एक झाड काढायचं. मी म्हटलं, "बाई, यंत्राला नाती कशी कळणार?" त्या म्हणाल्या, "डॉन एवारिस्तो, दारात पोर आलं की तुम्ही नाक बघून सांगता ना, हे कुणाचं ते? यंत्र हजार नाकं एकदम बघतं."

मला पटलं. आपल्याला पटायलाच हवं. एका भाषेची ती सगळी भावंडं, त्यांच्यात लग्न नाही. बायको करायची ती दुसऱ्या भाषेची, हेच आपण करत आलो. भाषेची नाती म्हणजे आपल्याला नुसत्या पुस्तकातल्या गोष्टी नव्हेत. कुणाला मेव्हणा म्हणायचं आणि कुणाला भाऊ, हा प्रश्न आहे.

मंडळी, सेमेआ भाषेचा मी शेवटचा. तुम्हाला ठाऊक आहे. माझे वडील रबराच्या कामावर गेले ते मी सहा वर्षांचा असताना, आणि आले नाहीत. आई वेकुआ भाषेच्या घरातली. तिला वडिलांचा शब्दन् शब्द कळायचा, पण ती बोलायची फक्त तिच्या बापाची भाषा. मी विचारायचो, "आई, आपल्याकडं याला काय म्हणतात?" ती म्हणायची, "माझ्याकडचं सांगते. तुझ्याकडचं तुझ्या काकाला विचार. नवऱ्याची भाषा मी ऐकायला आले होते, बोलायला नाही." काका वर्षातून दोनदा यायचा, मासे घेऊन. दोनदा येणारा माणूस किती शब्द आणणार? मग काकाही गेला.

आई चुकली का? साठ वर्षं मी स्वतःला विचारतो आहे. नाही चुकली. ती रीतीनं वागली. उसनं बोलणाऱ्या बाईला इथं कुणी मान दिला असता का? रीत बरोबर होती, आई बरोबर होती, आणि भाषा माझ्यापर्यंत पोचली नाही. बरोबर वागूनही असं होतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडं बसल्या तो दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सगळे जमले होते. ओतिलिया कसावा किसत होती. पाणी, मासा, वाट, डोळा, सगळं धडाधड सांगितलं. मग आलं यकृत. मी खाकरलो. डॉक्टर थांबल्या. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडं बघत होता. ज्याला बापाची भाषा येत नाही त्या पुरुषाला आपण काय म्हणतो, ते इथं व्यासपीठावरून सांगत नाही. मी आईचा शब्द घेतला, त्याला शेपूट माझ्या वडिलांच्या भाषेचं लावलं आणि दिला. यंत्रात उतरला. पुढच्या शब्दाला कमी लाज वाटली. त्यानंतर तर वाटलीच नाही. ओतिलियाचं किसणं एकदा थांबलं होतं. नंतर ती म्हणाली, "आज तुम्ही फार हुशार दिसत होता." बस्स, एवढंच.

डॉक्टरांना केवढा आनंद झाला. झाड निघालं, शाळेच्या भिंतीवर लागलं, आणि त्यावर सेमेआ आणि वेकुआ एका फांदीवर, खांद्याला खांदा लावून. "सख्ख्या बहिणी निघाल्या तुमच्या भाषा," त्या म्हणाल्या. असणारच. अर्धी तर मी आईकडूनच उचलून आणली होती, शेपटी तेवढी आमची.

त्या संध्याकाळी छिछाचं, आपल्या कसाव्याच्या दारूचं, भांडं फिरत होतं. माझा मामेभाऊ तेओफिलो, आईच्या भाषेचा म्हणून आपल्या रीतीनं मेव्हणा, तो बघा तिकडं खांबाआड लपतो आहे, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मेव्हण्या, का आता भाऊ म्हणू? यंत्र म्हणतं आपण एकाच फांदीचे. मग तुझ्या बापानं बहिणीशीच लग्न केलं म्हणायचं."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्याकडं मेव्हण्याच्या थट्टेला चिडायचं नसतं. पण भांडं माझ्याकडं आलं तेव्हा मला पिववेना. माझ्या वडिलांनी आयुष्यात एक गोष्ट निर्मळ केली होती, लांबून, दुसऱ्या भाषेची बायको आणली होती. त्या गोष्टीवर मी स्वतःच्या हातानं डाग पाडला होता. आणि ते झाड छापून जगभर जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "किती शब्द?" आम्ही दोघं यादी घेऊन बसलो. मी सांगायचो, त्या रेघ मारायच्या. त्रेचाळीस रेघा. उरले एकसष्ट.

"एवढ्यात होईल?" मी विचारलं.

"करून बघते," त्या म्हणाल्या.

सौर पत्र्याच्या विजेवर यंत्र दोन दिवस चाललं. एकदा त्यानं सेमेआला एका फांदीवर बसवलं, पुढल्या खेपेला दुसऱ्या, मग तिसऱ्या. लग्नघरात आगंतुक पाहुणा यावा आणि त्याला कुठल्या पंगतीला बसवावं कुणाला कळू नये, तसं. वरच्या धबधब्याकडं माझी एक चुलत बहीण होती, आन्सेल्मा, तीही सेमेआचीच. डॉक्टर तिच्यासाठी तीन दिवस होडीनं गेल्या. आन्सेल्मा मार्चमध्येच गेली होती. तिच्या सुना म्हणाल्या, शेवटी शेवटी ती एकटीच काहीतरी बोलत बसायची, आम्हाला कळायचं नाही.

परत आल्यावर डॉक्टर माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "डॉन एवारिस्तो, दोनच वाटा आहेत. सेमेआ चुकीच्या फांदीवर ठेवायची, नाहीतर झाडावरून काढायची. तिसरी वाट मला काढता येत नाही. मी खूप शोधली."

"तुमच्या मनात काय आहे?"

"ते मी ठरवणार नाही. ती भाषा तुमच्या वडिलांची आहे."

मी काढायला सांगितलं. काल जे नवं झाड भिंतीवर लागलं त्यात पानं मोजा, एक कमी आहे. तेओफिलो, तू पुन्हा माझा मेव्हणा झालास. एवढंच काय ते हाती लागलं. ओतिलिया म्हणाली, "बरं केलंत." आणि चुलीकडं वळून जाळ सारायला लागली.

लोक म्हणतात, बोलून टाकलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. तुम्हाला खोटं सांगून काय करू? खोटं सांगण्याचा माझा वाटा मी वापरून बसलो आहे.

कपितान बोट दाखवत आहेत, म्हणजे आवरतो. डॉक्टर, तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही माझी चोरी पकडली नाहीत, मी सांगितली तेव्हा तिचा गवगवा केला नाहीत, आणि एका गेलेल्या म्हातारीसाठी सहा दिवस पावसात होडी हाकलीत. आमच्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. ज्यांनी आज मासे भाजले, भाकऱ्या केल्या, बाकं लावली, त्यांचेही आभार. शेवटी 'काही चुकलं असेल तर पदरात घ्या' असं म्हणायची रीत आहे. मला 'असेल तर' म्हणायची सोय उरली नाही. त्रेचाळीस ठिकाणी चुकलं, तेवढं पदरात घ्या.

उद्या सकाळी घाटावर रीतीप्रमाणं प्रत्येकजण तुम्हाला आपापल्या बापाच्या भाषेत निरोप देईल. 'जा आणि परत ये' असं सगळे म्हणतील. 'जा' माझ्याकडं आहे, तो एकसष्टांतला आहे, वडील निघाले तेव्हा काकानं म्हटलेला मी ऐकला होता. 'परत ये' त्रेचाळीसांत होता.

म्हणून उद्या मी तुम्हाला नुसतं 'जा' म्हणेन. रागावून म्हणतो आहे असं समजू नका.