किल्ली देते की

— आवो सायब, थांबा की, गाडीच्या दाराला कशाला झोंबायलाव, कुलूप हाय त्याला. किल्ली? हाय की, ही काय माझ्या कमरंला. देते की. आधी बसा ह्या बाजंवर, सावलीत. उदगीरहून फटफटीवर बॅटरी बांधून आलाव, तोंड कसं लाल झालंय. पाणी प्या. टँकरचं हाय, वास येतोय जरा, पण थंड हाय. व्यंकट न्हाई घरी, फाट्यावर गेलाय, कुणाची जीप मिळती का बघाया. मी त्याची माय, केवळाबाई. 'शोरूमचा माणूस आला की किल्ली दे' म्हणून सांगून गेलाय, आन मी देणारच हाय — गाडी काय पळून चाललीय व्हय? पळाली असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं!

ती आत हुंदके द्यायलीय ती? ती सून, सिंधु. तिकडं लक्ष देऊ नका. तिचा बाप हाय हदगावला, लई सिरियस हाय म्हणं. काल सांजच्यापासून चार फोन झाले — सिंधुला धाडा, जावयाला धाडा, म्हाताऱ्याला शेवटचं बोलायचंय, जीव अडकलाय. सकाळी निघायचं ठरलं, तर ही बाई पहाटंच पिशवी भरून, चप्पल घालून उंबऱ्यात बसली. म्हणलं उंबऱ्यात रडू नये, आत जाऊन रड. सातची एस्टी तर ही गाडीच्या भरवशावर बसली तवाच गेली, आता दुसरी चारला. आन गाडी बघा — बरोबर आजच! दसऱ्याला घेतली, वरीस बी झालं न्हाई. रानात काय उगवना म्हणून भाड्यानं चालवायला घेतली लेकानं. आन बॅटरी तिसऱ्यांदा उतरली. पहिल्यांदा तुमच्यातलाच एक उंच पोरगा आला, चार्जिंग करून बसवून गेला. दुसऱ्यांदा नवीच दिली, वॉरंटीत हाय म्हणला. आता ही तिसरी. पोरांनी देवळापातूर ढकलून बघितली, ढिम्म न्हाई. असली कसली वो तुमची कंपनी? आमच्या नशिबालाच असली गाडी?

नाव काय म्हणलाव? मल्लिकार्जुन? आमच्या देवाचंच नाव, मग काय, घरचेच निघालाव की. चहा ठेवते — ठेवते म्हणजे, तिलाच सांगते. ए सिंधु! सायबाला चहा टाक, साखर जास्त घाल. रडत रडत टाक, पण टाक. — आसं काय बघायलाव माझ्याकडं? सून हाय, चहा करंल की. हात मोकळेच हायत तिचे.

काय म्हणलाव? रातीला एखादा लाईट चालू ऱ्हायला का? कोण ठेवील वो? व्यंकट तर दोनदा बघून कुलूप लावतोय. मी अडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं. मी आपली सांजच्याला किल्ली घेते, दार उघडते, ष्टेरिंगला हळदकुकू लावते, उदबत्ती ओवाळते, झालं. नवी गाडी हाय, नजर लागती. छताच्या दिव्याला मी कशाला हात लावू? आन त्या दिव्यानं बॅटरी उतरतीय कवा — ती एका रातीत उतरत न्हाई, दोन राती लागत्यात. मोठे लाईट म्हणलाव तर गोष्ट निराळी, त्यानं सकाळपातूर पार मुकी हुती गाडी, पण मोठा लाईट समद्या गल्लीला दिसतोय, गाडीवर गोधडी टाकावी लागती धुळीच्या निमतानं...

धूळ लई हाय ह्या साली. पाऊस न्हाई ना.

लिहून काय घ्यायलाव? वही ठेवा खाली. ठेवा म्हणते ना. आवो, म्हातारं माणूस बोलतंय कायबाय, ते लिहायचं असतंय व्हय? तुम्ही लिहा बॅटरी खराब. तुमची कंपनी काय रस्त्यावर येती का एका बॅटरीनं? येऊन येऊन तिसरीच तर हाय.

आन समजा — समजा हं — कुणी केलंच आसंल, तर का केलं आसंल ते इचारा की. दिवाळीनंतर ही बया आठ दिसासाठी म्हणून माहेरला गेली, बावीस दिवस ऱ्हायली. व्यंकट आणायला गेला तर तोबी पाच दिवस तिकडंच! आला ते कायतरी निराळाच होऊन आला. म्हणतोय, माय, तिकडं हिरीला पाणी हाय, रान हाय, सासऱ्याला दुसरं लेकरू न्हाई. घरजावई! माझा एकुलता एक ल्योक! उदगीर जिल्हा होणार म्हणून बोंब उठलीय, जिल्हा झाला की ह्या खडकाळ तुकड्याला बी भाव येईल, आन हे निघालं बायकोच्या बापाच्या ओसरीत झोपायला. मला म्हणतोय तू बी चल. मी? विहिणीच्या चुलीपुढं बसून, वाढंल ते खाऊ? त्यानंतर दोनदा हदगावला निघाले, दोन्ही बारीला गाडीच निघाली न्हाई. मग म्हातारा शेवटचं काय बोलणार हाय, सांगा. माझ्या व्यंकटचा हात धरणार, हिचा हात त्यात देणार, 'माझं घर उघडं टाकू नका' म्हणणार. मरत्या माणसाचा शब्द कुणाला मोडता येतोय? पोरगं मवाळ हाय, व्हय म्हणून येईल. आन बोलणंच झालं न्हाई तर? मग कुणाचा शब्द आन कुणाचं काय.

तोंड वाकडं करू नका सायब. मला काय काळीज न्हाई? बाहात्तरच्या दुष्काळात मी अठरा वर्सांची, माय देगलूरकडं मरायला टेकलेली. निरोप घेऊन माणूस आला चालत. दारात देवणी बैलांची जोडी हुती, चाऱ्यावाचून हाडं निघालेली पण चालणारी. सासूनं त्याच सकाळी जोडी भावाकडं धाडली, तिकडं कडबा हाय म्हणून. मी हिच्यावानीच बोचकं घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी बैल आले, तवर माय जळून राख बी सावडून झाली. मी काय मेले? आन रडले बी न्हाई — त्या दिवशी शेजाऱ्याच्या ज्वारीचं दळण दळायचं हुतं, ते दळलं. सासूला एक शब्द बोलले न्हाई तिच्या मरणापातूर. मग हिचंच काय एवढं नवलाचं?

न्हाई, किल्ली अशी हिसकायची न्हाई. बसा. बाईमाणसाच्या कमरंला हात घालताव? गल्ली गोळा करीन मी. हां, बसा आसं. चहा येऊ द्या. चहा पिला की देते, शपथ. अर्धा तास काय, एवढं आभाळ कोसळतंय —

थांबा. फोन वाजायलाय आत.

...

वाजायचा थांबला.

ऐकलाव? कप पडला. ...आता वरडती बघा. हां. वरडली.

गेला वाटतं म्हातारा. — चला. संपलं एकदाचं. आता कशाला बसलाव सायब, उठा की. ही घ्या किल्ली. लवकर बसवा तुमची बॅटरी, व्यंकट आला की निघतील दोघं. मातीला तरी पोचू दे पोरीला, मी काय इतकी वाईट न्हाई. आन ती वही फटफटीच्या डिकीत टाका — आन आत जाऊन तिला काय सांगायचं न्हाई. तुमचं काम गाडीचं हाय, गाडी बघा.