आखाड्यावरचं कुलूप

(कळमनुरी तालुक्यातलं एक शेत, सकाळची वेळ. आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळच्या, खोलीला बाहेरून कुलूप. दारापुढं सटवाजी आणि त्याच्या धाकट्या भावाची, भागवतची, बायको प्रतिक्षा.)

प्रतिक्षा : किल्ली द्या, दादा. पुन्हा पुन्हा मागायला लावू नका.

सटवाजी : हळू बोल. भासऱ्यापुढं एवढा आवाज काढायची रीत न्हाई आपल्यात.

प्रतिक्षा : आन सख्ख्या भावाला कोंडायची रीत हाय? ढोराला बी आपण दावं लावतो. कुलूप न्हाई लावत.

सटवाजी : दीक्षानं सांगितलं व्हय तुला?

प्रतिक्षा : तिनंच, तुमच्या बहिणीनं. रडत रडत सांगितलं. म्हनली, भागवतदादाला कोंडून मला बघायला येणार असतील, तर मी पाटावर बसत न्हाई.

सटवाजी : पोरगी येडी हाय. पाव्हणे वसमतवरून निघाले असतील. चांगलं घर चालून आलंय. पोरीचा भाऊ काल हळद शिजवायच्या कुकरवर पिऊन आडवा झाला, आन अजून त्याच्या तोंडाचा वास गेला न्हाई, हे दाखवू त्यांना? ते माघारी गेले की मीच काढतो त्याला भाईर. सांजपर्यंतची तर गोष्ट हाय.

प्रतिक्षा : कुकरवर धाडलं कोनी ह्यांना? डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं हुतं ना, जुन्या संगतीत एवढ्यात जाऊ देऊ नका म्हणून? संतराम तितं बसून रोज पेतो, हे तुमाला ठावं न्हवतं?

सटवाजी : हळद शिजवायला मानसं मिळनात. आन घरचा गडी पलंगावर बसवून ठिवू? व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, बरा झाला, म्हनून धाडला. पुन्हा पेला, मंजी त्याला सोडायचीच न्हाई. कुत्र्याचं शेपूट...

प्रतिक्षा : पुढचं बोलू नका. आत्याबाईंनी चोरून पेढे खाल्ले, साखर वाढली, तवा आईला कोंडलं का तुमी? गाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

सटवाजी : साखरेनं घराची इज्जत जात न्हाई.

प्रतिक्षा : ह्या खोलीत काय काय ठिवलंय, दादा?

सटवाजी : काय ठिवनार? पाइप हायत, बारदाना हाय.

प्रतिक्षा : आन फवारणीचं औषध?

सटवाजी : वर फळीवर हाय ते.

प्रतिक्षा : वर! ह्यांचा हात फळीला पुरत न्हाई का? परसाल असल्याच औषधापायी नांदेडला दवाखान्यात काचेतून ह्यांना बघून कोन रडलं हुतं? मी का तुमी? इसरला इतक्यात?

सटवाजी : माझ्या ध्यानातच... भागवत! ए भागवत! आवाज दे!

प्रतिक्षा : आवो! बोला की! ऐकू येतंय का?

भागवत : ओरडू नका. हाय मी.

प्रतिक्षा : त्या डब्यांना हात लावला न्हाई ना?

भागवत : लावला.

सटवाजी : आरं!

भागवत : खिडकीतून भाईर टाकले, दादा. मागं जाऊन बघ. पहाटेच टाकले. डोस्क्यात नको ते येऊन राहिलं हुतं. म्हनलं, हे बी हितं आन मी बी हितं, दोघं एका खोलीत नको. फोन तू घेऊन गेलास. हाक मारली, तर आखाड्यावर कोन हुतं ऐकायला?

प्रतिक्षा : बघता काय, दादा? उघडा!

सटवाजी : ही घे किल्ली. तू उघड.

प्रतिक्षा : हां. या भाईर. सरळ उभं राहता येतंय? बरं. मग आता मी तुमाला इचारते. संतरामनं गिलास पुढं केला, आन तुमच्या तोंडातून ‘नको’ निघालं न्हाई? केंद्रातल्या ताईंनी काय सांगितलं हुतं? जागा सोडायची, चालत सुटायचं, कोनाला तरी फोन लावायचा...

भागवत : तोंडपाठ हाय मला ते. तू थांब जरा. दादा, तू बी. दारापाशी उभं राहून माझ्यावरून भांडून राहिले दोघं. एकानं तरी इचारलं का, भागवत, तुला झालं काय? संतरामनं दिली, पेलो मी. तोंड माझं हुतं. पण ते काल सुरू झालं न्हाई.

सटवाजी : मग कवा?

भागवत : गोळ्या बंद केल्या तवा.

प्रतिक्षा : बंद केल्या? मी रोज इचारत हुते. तुमी घेतली म्हनत हुता!

भागवत : खोटं सांगत हुतो.

प्रतिक्षा : काहून?

भागवत : इचार ह्याला. सोयरीक जमस्तोर येड्याच्या गोळ्या घरात दिसू नयेत, म्हनला. दारू सुटली, आता गोळ्या कशाच्या, म्हनला.

सटवाजी : तू बी व्हय म्हनलास! मी काय तुझ्या नरड्यातून काढून घेतल्या?

भागवत : म्हनलो व्हय. मला बी लाज वाटत हुती. मग झोप गेली. घास तोंडात फिरायचा. कोनाशी बोलू वाटंना. आन सगळा गाव म्हने, भागवत किती शांत झाला! शांत न्हवतो मी, दादा. मी पेत न्हवतो, एवढ्यावर तुमी खूश हुता. आत काय चालू हाय, ते कोनाला पायजे हुतं?

प्रतिक्षा : मला तरी सांगायचं.

भागवत : तुला? दारात पाय टाकला की तू पहिले वास घ्यायचीस. दूध आणायला गेलो तरी वास. बोलायला जागा कुठं ठिवली हुतीस?

प्रतिक्षा : घेत हुते! आन घेईन! सायकल वाजली तरी छाती धडधडती माझी. झोपेत बी कान दाराकडं असतात. तुमाला केंद्रात नेलं, बरं केलं. मला कोनी नेलं कुठं?

भागवत : कोनी न्हाई.

प्रतिक्षा : मग वासाचं बोलू नका.

भागवत : न्हाई बोलत. पण आज दवाखान्यात तू बी बस माझ्यासंगं. जे आत्ता मला बोललीस, ते तितं डॉक्टरपुढं बोल.

सटवाजी : आज? आन पाव्हण्यांना काय सांगू मी?

भागवत : भावाला दवाखान्यात नेलंय, सांग.

सटवाजी : इचारतील, काय झालंय म्हनून.

भागवत : दारूचा आजार हाय म्हन. डोस्क्याचा बी हाय म्हन. लग्नानंतर कळंल, त्याच्यापेक्षा आज कळू दे. एवढ्यावरनं गेले, तर जाऊ दे. दीक्षा तरी सुटली.

सटवाजी : बोलायला सोपं हाय तुला! सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत तोंड मला दाखवायचंय. बाप गेल्यापासून एकट्यानं वढून राहिलो हा गाडा. तू पेलास की मी निस्तरायचं, तू पडलास की मी उचलायचं. मला नसंल का तकलीफ?

भागवत : हाय. म्हनून तर कुलूप घातलंस. शिव्या घाल, दादा, मार दोन. पण कोंडू नको. कोंडलं की मी माझ्याच हातात सापडतो.

सटवाजी : तोंड धू आधी. पाव्हण्यांचं घरी आपले काका बघतील. मी गाडी काढतो.

प्रतिक्षा : तुमी येणार? नांदेडपर्यंत?

सटवाजी : काहून, मला नको का कळाय त्या गोळ्या कशाच्या हायत? आन ध्यानात ठिव, भागवत, मी लई चिडलेलो हाय. वाटेत एक शब्द बोलणार न्हाई तुझ्यासंगं.

भागवत : नको बोलू. गाडीवर मला मधी बसव, प्रतिक्षा मागं बसंल. आन दादा, वाटेत बाळापूरला दारूची दुकानं आली की मी थांब म्हनंन. पानी प्यायचंय म्हनंन, चक्कर येऊन राहिली म्हनंन, पाया पडंन तुझ्या. थांबू नको.