श्रावणातला इंटरव्ह्यू

आमची घाटकोपरची प्राची, फूड सायन्सवाली, तिचा रेझ्युमे मीच लिहून दिला. म्हटलं, नुसत्या डिग्रीला कोण विचारतंय, "मासळीचे पदार्थ चाखून दोष ओळखते" असं टाकूया. साकीनाक्याच्या एका लोणच्यांच्या कंपनीने लगेच बोलावलं, पण ऐन श्रावणात. मॅनेजर सावंतांनी कोलंबीच्या लोणच्याच्या वाट्या समोर ठेवल्या.

प्राची म्हणाली, "सर, माझा श्रावण आहे. वास घेऊन सांगू का?"

"वास घेऊन आम्ही सगळेच सांगतोय," सावंत म्हणाले. "अख्ख्या लॅबचा श्रावण आहे. चाखणारं कोणी हवं म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

संध्याकाळी तिचा फोन आला. "रेझ्युमेत अजून एक ओळ टाक. बारा महिने चाखते."

म्हटलं, "आईला विचारलंस?"

"आईला रेझ्युमे कशाला दाखवायचा?"