पपनसांची बाग

(थायलंडमध्ये नाखोन पाथोमजवळ कालव्याकाठची बाग. सोंगक्रान, नव्या वर्षाचा सण. धाकटा विथून थोरल्या बहिणीच्या, मालीवानच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घ्यायला आलाय.)

विथून : हात पुढे कर ना, ताई. मोगरा घातलाय पाण्यात.

मालीवान : भांडं खाली ठेव. महिनाभर फिरकला नाहीस. बाग बघितलीस?

विथून : बघितली.

मालीवान : मग सांग की, कशी आहेत बाबांची पपनसं?

विथून : करपलीत. सगळी.

मालीवान : करपतील नाही तर काय! तुझ्या कोळंबीच्या तळ्यातलं खारं पाणी मीच पाजलं त्यांना. रोजच्यासारखी रांगांमधल्या पाण्याच्या चरातून पंपाची होडी ओढत निघाले, कालव्याचं पाणी दोन्हीकडच्या झाडांवर उडवत. झाडं तहानलेली होती रे. मी आपली गाणं म्हणत होते.

विथून : कोळंबीला रोग लागला, धाबं दणाणलं माझं. सगळं तळं कालव्यात सोडलं. वाटलं, तू बाजाराला गेली असशील, येईपर्यंत वाहून जाईल.

मालीवान : एक हाक मारायची होतीस. बांधापलीकडे तर राहतोस.

विथून : शिव्या घातल्या असत्यास.

मालीवान : घातल्याच असत्या! तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

विथून : त्या तुझ्याही आहेत.

मालीवान : असू देत. पण पंप बंद ठेवला असता.

विथून : चुकलं, ताई. तळं बुजवतोय मी. समुद्राचं पाणी आणणाऱ्या टँकरवाल्यालाही नको म्हणून सांगितलं. पुन्हा पपनसं लावू. खड्डे मी खणतो.

मालीवान : कशात लावशील? तुझ्या तळ्याचा खार झिरपून झिरपून माती आधीच मेली होती. बाग खंडाने दिली मी. कोळंबीवाल्याला. परवा तळं खणायला येतायत.

विथून : कोळंबीला? तू?

मालीवान : दुसरं काय येणार त्यात? पोट आहे ना मागे लागलेलं. घे, हे हात. घाल पाणी. आता कुठल्या तोंडाने रागावू तुझ्यावर?

विथून : ताई...

मालीवान : सुखी राहा. आणि ते तळं बुजव.

विथून : इथलं पाणी कुठे सोडणार ते?

मालीवान : कालव्यातच. खालच्या अंगाला प्रानोमची कमळांची शेती आहे, तिच्याकडेच निघालेय. म्हणणार आहे, पाणी सोडायच्या आधी मी हाक मारीन, तेवढा पंप बंद ठेव.

विथून : सांगून सोडलं तरी पाणी खारंच असणार, ताई.

मालीवान : ठाऊक आहे रे. चल बरोबर, मला एकटीला जाववत नाही.