रक्ताचा डिंक

(नाशिक, २००२. डॉ. गायधनींचा दवाखाना. मखमलाबादच्या मळ्यातून आलेल्या रंगूबाई आणि त्यांची धाकटी मुलगी भाग्यश्री.)

रंगूबाई : माझं घ्या ना रक्त, मॅडम. हिच्या अंगात हाय कुठं?

डॉ. गायधनी : रंगूबाई, हे चढवायला नकोय. गाठीबरोबर हिच्या जबड्याचं हाड गेलं ना, तिथं आता कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. सुटा राहिला तर तो हलतो. म्हणून हिच्याच रक्तातून डिंकासारखं चिकट द्रव्य काढायचं, त्यानं चुरा जागेवर धरून राहतो. स्वतःचंच असलं की दुसऱ्याचा आजार यायची भीती नाही.

रंगूबाई : आन् गाल भरंल?

डॉ. गायधनी : भरेल. पण सहा आठवडे दात तारेनं बांधून ठेवावे लागतील. बोलणं बंद, खाणं पातळ.

रंगूबाई : मग जमतंय. लग्नाला दोन महिने हायेत.

डॉ. गायधनी : लग्न? भाग्यश्री, बोलली नाहीस कधी!

भाग्यश्री : मलाच शेवटी कळलं, मॅडम.

रंगूबाई : आमची थोरली प्रतिभा गेली. तिची पोरगी दीड वर्साची. जावई म्हणले, धाकटी द्या. असा गाल बसलेला, दुसरं कोण करणार व्हतं हिला?

भाग्यश्री : आई, छकुलीला मी जन्मभर सांभाळीन. पण दाजींशी लग्न नाही करायचं मला.

रंगूबाई : हे इथं बोलायचं? परक्या माणसापुढं?

भाग्यश्री : घरात आबांनी बोलू दिलं असतं? आणि परवापासून तोंडच उघडणार नाही.

डॉ. गायधनी : बोला तुम्ही. मी बाहेर थांबते. भाग्यश्री, ऑपरेशन तरी तुला हवंय ना?

भाग्यश्री : हवंय. वर्षभर भाकरी कुस्करून गिळतेय. रक्त घ्या.

डॉ. गायधनी : सिस्टरला पाठवते.

रंगूबाई : ...काय इज्जत ऱ्हायली माझी?

भाग्यश्री : ताई त्या घरात कशी राहिली, तुला ठाऊक नव्हतं?

रंगूबाई : व्हतं.

भाग्यश्री : तरी मला देतेस?

रंगूबाई : मी कोण देणारी? तुझ्या बापानं शब्द दिला. तीस वर्सांत त्यांच्यापुढं माझं एकदा तरी चाललंय का?

भाग्यश्री : म्हणजे संपलं.

रंगूबाई : रविवारी बस्ता हाय. समदे साड्या घ्यायला निघतील.

भाग्यश्री : जा ना मग.

रंगूबाई : मी नाय जायची.

भाग्यश्री : आबा ओढून नेतील.

रंगूबाई : नेऊ दे. एकाबी साडीला हात लावायची नाय मी.